ऑक्टोबरच्या उन्हासाठी हिरवी जाळी : इंदूर, बडोदे आणि ग्वाल्हेरच्या तीन गच्च्यांवरचा अनुभव

गच्चीवरच्या कुंड्यांना सावली धरण्यासाठी जी हिरवी जाळी मिळते, जिला बाजारात कोणी शेडनेट म्हणतात तर कोणी नुसते ग्रीन नेट, ती मी इंदूरमध्ये सलग तीन वर्षे भाद्रपद-आश्विनात वापरली आहे. याच काळात माझ्या थोरल्या बहिणीने बडोद्याला आणि मामेभावाने ग्वाल्हेरला तशीच जाळी लावली, आणि आम्हा तिघांचे अनुभव इतके वेगवेगळे आले की ते एकत्र लिहून ठेवावेत असे वाटले. हा अभिप्राय कोण्या एका कंपनीच्या मालाविषयी नाही, कारण ही जाळी बहुधा ठाणातून मीटरवर कापून मिळते आणि तिच्यावर नाव असतेच असे नाही. वस्तू चांगली आहे, घेण्यासारखी आहे. मात्र ती कधी बांधायची, कोणत्या बाजूला उतरवायची आणि कधी काढून ठेवायची हे त्या त्या गावाच्या आकाशावर ठरते, आणि ते विकणारा सांगत नाही.

आमच्या इंदूरला गणपती जाईपर्यंत आकाश बहुतेक झाकलेलेच असते. त्या दिवसांत ढगांखाली फुटलेले पान मोठे, पातळ आणि लुसलुशीत असते. त्याला उन्हाची सवयच नसते. मग पितृपक्षात एखाद्या सकाळी आकाश एकदम निवळते, आणि तेच पान दुपारच्या दोन-तीन तासांत पांढुरके पडून संध्याकाळपर्यंत कागदासारखे वाळते. जमिनीखालची गोष्ट याहून वाईट असते. सततच्या ओलीने मुळ्यांची टोके कुजलेली असतात, त्यामुळे कुंडीतली माती ओली असूनही झाड मान टाकते. पाहणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले, तो आणखी पाणी घालतो आणि झाड हातचे जाते. त्यात उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस मध्येच दोन दिवस येऊन जातो, पुन्हा ऊन पडते, पुन्हा ढग येतात. बागेतली जितकी झाडे माझ्या हातून गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक याच पाच-सहा आठवड्यांत गेली आहेत. वैशाखातल्या उन्हात नव्हे, कारण वैशाखाचे ऊन हळूहळू चढत जाते आणि झाड त्याला सरावते.

जाळी घेण्यापूर्वी आमच्या घरी आईच्या जुन्या सुती पातळांची सावली करण्याची रीत होती. पातळाची सावली मऊ असते, वारा खेळता राहतो आणि खर्च काहीच नसतो, म्हणून मी तिला अजूनही नावे ठेवणार नाही. पण ती कोरड्या दिवसांची सोय आहे. एका अनंत चतुर्दशीच्या रात्री, शहरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघालेले असताना, असा पाऊस कोसळला की पातळात पाण्याची झोळी झाली, बांबू वाकून कठड्यावर आदळला आणि खाली भरदार झालेली शेवंतीची चार झाडे बुंध्यातून मोडली. जाळीत पाणी साठत नाही, हा तिचा पहिला आणि निर्विवाद गुण आहे, आणि मी तिच्याकडे वळले ती याच कारणाने.

पहिली जाळी मात्र मला चुकीची मिळाली. मी बाजारातल्या एका दुकानात पन्नास टक्क्यांची मागितली होती. जाळीचा टक्का म्हणजे ती किती ऊन अडवते त्याचे प्रमाण. साधारणपणे ३५, ५०, ७५ आणि ९० टक्क्यांच्या जाळ्या मिळतात. दुकानदाराने ठाण खाली ओढले, कापले, घडी घालून दिले आणि मी टक्क्याची खात्री करून घ्यायला लागले तेव्हा “सगळी सारखीच असते” एवढेच म्हणाला. मी ती श्रावण संपताच बांधली. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू तिच्याखाली कमरेएवढा उंच झाला, दोन पानांमधले अंतर वाढत गेले, खोड लवलवू लागले आणि दसऱ्याला दाराच्या तोरणापुरतीही फुले निघाली नाहीत. मला वाटले की खत कमी पडले असावे. अखेर पावसाने उघडीप दिल्यावर एका स्वच्छ दुपारी मी फोनवर प्रकाश मोजण्याचे ॲप घेतले, फोन आधी उघड्या उन्हात आणि मग जाळीखाली त्याच उंचीवर आडवा धरला. उघड्यावर आकडा ८८,००० लक्स आला आणि जाळीखाली १९,०००. म्हणजे पन्नास टक्के म्हणून दिलेली ती जाळी जवळजवळ ७८ टक्के ऊन अडवत होती. फोनचे आकडे प्रयोगशाळेइतके अचूक नसतात हे मान्य आहे, पण इथे आपल्याला दोन आकड्यांचे गुणोत्तर हवे असते आणि त्यासाठी फोन पुरेसा आहे. दुसऱ्या वर्षी मी दुकानातूनच एक हात जाळी दारात उन्हात धरून मोजली, ८६,००० आणि ४१,००० असे आकडे पाहिले आणि मगच पैसे दिले. ज्यांना जाळी घ्यायची आहे त्यांनी हे एवढे अवश्य करावे. दुकानदाराला राग येत नाही, उलट तोही वाकून बघतो.

टक्क्याइतकाच धागाही पाहावा लागतो. जाळीच्या धाग्याचे दोन प्रकार असतात: गोल, मासे पकडण्याच्या गळाच्या दोरीसारखा, ज्याला व्यापारी मोनो म्हणतात, आणि चपटा, पट्टीसारखा, ज्याला टेप म्हणतात. दोन्ही एकाच जातीच्या प्लास्टिकचे असतात, पण पट्टीची जाळी दिसायला दाट असते, स्वस्त असते आणि वाऱ्यात फडफडते. माझ्या पहिल्या जाळीचा कापलेला काठ महिन्याभरात सुटून त्याच्या हिरव्या चिंध्या गच्चीभर झाल्या आणि त्या मला झाडूने नव्हे, हाताने वेचाव्या लागल्या. गोल धाग्याची दुसरी जाळी वजनाला जड आहे, तिची वीण अंगठ्याने सरकवून पाहिली तरी सरकत नाही, आणि दोन हंगामांनंतरही तिचा काठ शाबूत आहे. जाळी घेताना चारही बाजूंनी दुमडून शिवलेली आणि हातभर अंतरावर पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या कड्या ठोकलेली घ्यावी. शिलाईचे पैसे वाचवून दोरी थेट वीणीतून ओवली, तर पहिल्या सोसाट्याच्या वाऱ्यातच तिथे भोक पडते.

आता पावसाविषयी, कारण या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आहे. जाळी पाऊस अडवत नाही. भुरभुर पाऊस असेल तर तो तिच्यावर साचून धाग्यांच्या गाठींवर मोठे थेंब होतात आणि ते थेंब वरून नेमक्या त्याच त्या जागी टपटपत राहतात. माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात अशा थेंबांनी रुपयाएवढे खळगे पाडले आणि माती उडून पानांना चिकटली. शिवाय जाळीखाली ऊन-वारा कमी, म्हणून पाने उशिरा वाळतात. गुलाबाचे पान तासन्‌तास ओले राहिले की त्यावर काळे ठिपके धरतात आणि मग पान पिवळे होऊन गळते. माझ्या सहा गुलाबांपैकी जाळीखालच्या चारांना हा रोग झाला, उघड्यावरच्या दोघांना जवळजवळ नाही. तेव्हापासून मी पावसाच्या दिवसांत जाळी गुंडाळून ठेवते. उघडायची केव्हा, यासाठी मला हवामान खात्याच्या निकषाचा उपयोग झाला. वायव्य भारतातून मान्सून परतल्याचे ठरवताना हवामान खाते इतर गोष्टींबरोबर सलग पाच दिवस पाऊस न झाल्याचे पाहते. मीही तेच धरले आहे: पाच कोरडे दिवस गेले की जाळी उघडायची, पुन्हा ढग दाटले की एका बाजूला सारायची. २०२० साली सुधारलेल्या तारखांप्रमाणे परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून सतरा सप्टेंबरच्या सुमारास होते आणि पंधरा ऑक्टोबरपर्यंत तो देशभरातून निघतो. ग्वाल्हेर त्याच्या वाटेवर आमच्या आधी लागते. पण तारखेवर विसंबून जाळी बांधणाऱ्याला हस्ताचा एकच पाऊस पुरतो.

बांधण्याची तऱ्हा हीच या वस्तूची खरी परीक्षा आहे असे माझे मत झाले आहे. बहुतेक गच्च्यांवर जाळी चार खांबांना घट्ट ताणून कायमची बांधलेली दिसते. मी दोन भिंतींमध्ये जाड तार ओढून घेतली आणि जाळीच्या कड्यांत पडद्याच्या गोल रिंगा अडकवून ती तारेवर सरकती केली. सकाळी ढग असले तर पडद्यासारखी एका टोकाला सारता येते, दुपारी ऊन कडक झाले तर अर्ध्या मिनिटात पसरता येते. जोराचा वारा सुटला तर कापडाच्या पट्टीने बांधून ठेवावी लागते, तेवढे कष्ट आहेत. या बदलत्या हवेत एकदा बांधून विसरण्याची जाळी उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली, आणि ती कळेपर्यंत मी उगाच जाळीला दोष देत होते. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि जाळीची सावली बरोबर जाळीखाली पडते. सप्टेंबरच्या तेवीस तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर येतो, ऑक्टोबरच्या मध्याला ५९ वर, आणि नोव्हेंबर लागता लागता ५३ वर उतरतो. माझी जाळी सात फूट उंचीवर आहे. ऑक्टोबरच्या मध्याला तिची सावली भर दुपारी चार फुटांहून थोडी जास्त उत्तरेकडे सरकलेली असते. म्हणजे जाळी शेवंतीवर आणि सावली जिन्याच्या भिंतीवर. दक्षिणेकडच्या पहिल्या रांगेतली झाडे दर वर्षी का भाजतात हे मला त्या दिवशी खडूने गच्चीच्या फरशीवर सावलीच्या कडा आखल्यावर दिसले. आता जाळी मी दक्षिणेला आणि पश्चिमेला कठड्यापर्यंत खाली उतरवते. पश्चिमेची बाजू तर डोक्यावरच्या भागापेक्षाही महत्त्वाची ठरली, कारण तीन-चार वाजताचे तिरपे ऊन काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुंड्या बाजूने तापवते आणि मुळ्या आतल्या आत शिजतात. हात लावून पाहावे, पिशवीची पश्चिमेची बाजू चटका देते आणि पूर्वेची गार असते.

बडोद्याची गोष्ट वेगळी आहे. ताईची बाग पूर्वी तळमजल्यावर अंगणात होती. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तिच्या कुंड्या पाण्याखाली गेल्या आणि पाणी ओसरल्यावर प्रत्येक कुंडीत वीतभर चिकट गाळ बसला होता. त्यानंतर तिने जे वाचले ते सगळे गच्चीवर नेले आणि भाऊजींनी लगेच जाळी बांधली. मुळ्या आधीच गुदमरलेल्या, त्यात एकदम गच्चीचे उघडे ऊन. त्या वर्षी जाळी नसती तर तिचा कढीपत्ता आणि जास्वंद राहिली नसती असे तिचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. मात्र बडोदे आमच्यापेक्षा पाचशे मीटरने खाली आहे. इंदूरला ऑक्टोबरात दिवस तापला तरी रात्री हवा अठरा-वीस अंशांपर्यंत उतरते, माळव्याच्या रात्रींचे जे कौतुक ‘शब-ए-मालवा’ म्हणून उत्तर हिंदुस्थानभर झाले ते उगाच नव्हे, आणि झाडे रात्रीत सावरतात. बडोद्याला रात्रही उबदार आणि दमट राहते. नवरात्रात गरब्याच्या मैदानांवर काही वर्षी पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन असे निघते की गच्ची वाफाळते. त्यामुळे ताई जाळी दिवाळी होईपर्यंत काढत नाही, मी कोजागरीनंतर आठवड्याभरात काढते. कोथिंबीर आणि मेथी मी दसऱ्याला पेरते, ती दिवाळीनंतर; आधी पेरलेली तिची कोथिंबीर दोनदा उगवलीच नाही. दमटपणामुळे तिच्या जाळीवर शेवाळ धरते आणि जाळीच्या दुमडीत पिठ्या ढेकूण लपतो, हा तिथला खरा दोष आहे. ती दर पंधरा दिवसांनी जाळी उतरवून साबणाच्या पाण्याने घासते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बडोद्यासारख्या हवेत ७५ टक्क्यांची दाट जाळी घेऊच नये, कारण दाट विणीखाली हवा खेळत नाही आणि कीड दिसतही नाही.

ग्वाल्हेरला आकाश लवकर निवळते आणि ऊन कोरडे असते. तिकडे आश्विनाला क्वार म्हणतात आणि क्वारच्या उन्हाचा धाक घालतात. मामेभाऊ लष्करात, म्हणजे जुन्या लष्कर भागात राहतो. त्याच्याकडे भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, किंवा काळे ठिपके फारसे होत नाहीत; त्याच्याकडे लाल कोळी होतो, पानांच्या खाली बारीक जाळी विणणारा, जो कोरड्या उष्ण हवेतच माजतो, आणि त्यावर सावलीपेक्षा पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाणी फवारणे अधिक उपयोगी पडते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेला असल्याने तिथे सूर्य आमच्यापेक्षा तीन-साडेतीन अंश खाली असतो. सात फुटांवरच्या जाळीची सावली ऑक्टोबरच्या मध्याला जवळजवळ पाच फूट सरकते. हे सांगितल्यावर त्याने आडवी जाळी काढून दक्षिणेच्या कठड्यावर तिरकी बांधली. त्याच्या जाळीचा हिशेब मात्र तोट्याचा आहे. तो ती चैत्रापासून ज्येष्ठापर्यंतही ठेवतो, ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि त्या उन्हाने तिसऱ्याच वर्षी धागा ठिसूळ होऊन चुरू लागला. दुसरीकडे पौष-माघात, जेव्हा तिथला पारा काही रात्री पाच अंशांच्या खाली येतो, तेव्हा तीच जाळी रात्री टोमॅटोवर पांघरून तो रोपे वाचवतो. इंदूरला मला त्याची गरज क्वचितच पडते.

कोणत्या झाडांना जाळी लागते, याविषयी थोडे लिहिते. नुकतीच लावलेली रोपे, शेवंती, कढीपत्त्याची लहान झाडे, पुदिना, फर्न आणि पावसाळ्यात आणलेली कोणतीही नवी झाडे यांना पहिले तीन आठवडे ती हवीच. झेंडू, तुळस, मिरची आणि निरोगी गुलाब यांना ती नको. गुलाबाची छाटणी मी पाऊस पक्का गेल्यावर ऑक्टोबरात करते, आणि त्या वेळी उघड्या पडलेल्या फांद्यांवर मात्र आठ-दहा दिवस दुपारची सावली धरते. हिवाळी फुलांच्या, म्हणजे पिटुनिया, फ्लॉक्स, डेलियाच्या बियांच्या ट्रेवर जाळी ठेवली तर कोंब वाचतात, पण तिसरे पान फुटताच ती काढावी, नाहीतर रोपे लांबट होऊन कोलमडतात. जाळीच्या जोडीला कुंडीतल्या मातीवर दोन बोटे कंपोस्ट आणि वर पालापाचोळा घातला, तर निम्मे काम तोच करतो. ज्या गावात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची इंदूर पद्धत घडवली, त्या गावात हे सांगायला मला आनंदच वाटतो.

तीन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशा माझ्या दुसऱ्या जाळीला शिलाई आणि कड्यांसह सुमारे नऊशे रुपये पडले. तार, रिंगा आणि खिळे वेगळे. वर्षातून दीड-दोन महिनेच उघडत असल्यामुळे ती अजून काही वर्षे टिकेल असे धाग्यावरून दिसते. काढल्यावर ती धुऊन, पूर्ण वाळवून, उन्हापासून दूर जिन्याखाली गुंडाळून ठेवावी; घडी घातली की घडीवरच धागा तुटतो. हिरवी आणि काळी यांपैकी मी हिरवी घेतली ती केवळ बाजारात सहज मिळते म्हणून. फाटलेल्या जाळीचे काय करायचे हा प्रश्न मला सतावतो, कारण ते प्लास्टिकच आहे. पहिल्या जाळीचे तुकडे मी कुंड्यांच्या तळाच्या भोकांवर माती अडवण्यासाठी ठेवले आणि उरलेले सुक्या कचऱ्यात दिले.

यंदा मी पश्चिमेच्या बाजूसाठी पाच फूट रुंदीचा आणखी एक तुकडा घेणार आहे, पन्नास टक्क्यांचाच, गोल धाग्याचा. ताईने तिच्यासाठी पस्तीस टक्क्यांचा मागवला आहे आणि तो मोजूनच पाठव असे दोनदा बजावले आहे.